माठ भरलेला, लिंबू सुकलेलं

रविवारी बाबांनी आमचं लिंबू वाचवलं... आणि तेही मनात नसताना.

आमचं गाव शेलूबाजारजवळ. उन्हाळ्यात नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळे अंगणातल्या झाडांचा नंबर सगळ्यात शेवटी. त्यात लिंबू खास... मी बी.एस्सी. झाले तेव्हा आईने लावलेलं. घरातली पहिली पदवी आणि पहिलं लिंबू, एकाच वर्षी.

बाबांचा डोळा मात्र त्या जागेवर. त्यांना तिथे मोटरसायकलसाठी टिनाचं शेड पाहिजे. "वाळलं का मंग मी खांब गाडतो," असं ते झाडासमोरच बोलतात.

म्हणून मी माठाची पद्धत शोधली. मुळाजवळ मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरायचा, पाणी भरून झाकण ठेवायचं. माठ हळूहळू पाझरतो, मुळं पितात, उन्हात थेंब वाया जात नाही... वाचूनच मी भारावून गेले.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात घरोघरी नवा माठ येतो आणि जुना मोरीपाशी पालथा पडतो. शेजारच्या काकूने तिचा जुना हौसेने दिला. मी पुरला.

रोज झाकण काढून पाहायचे. पाणी जसंच्या तसं... केवढी ही बचत. मी इथे फोटो टाकला, तुम्ही अंगठे दिलेत, एका मैत्रिणीने 'प्रेरणादायी' लिहिलं.

इकडे लिंबाची पानं आकसायला लागली. मी म्हटलं, झाडाला सवय व्हायला वेळ लागतो. आई म्हणाली, "पाणी तं वाचून राह्यलं व, पण झाड मरून राह्यलं." बाबा टेप घेऊन जागा मोजत होते.

तर रविवारी बाबा वाशीमहून उन्हात तापून आले. घरातला माठ नेमका रिकामा. त्यांनी सरळ अंगणातल्या माठात पेला बुडवला, घोट घेतला आणि थुंकला.

"काहून व, जमिनीत गाडून भी पाणी कोमट?"

"काकूचा जुना माठ आहे," मी म्हटलं.

"मंग तिनं काढला कायले? थंडं करत नसन म्हणूनच ना."

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या पाण्यात क्षार फार, जुन्या माठाची छिद्रं बुजतात. पाझरत नाही म्हणून गार करत नाही, आणि गार करत नाही म्हणून लोक तो काढतात... मी नेमका न पाझरणारा माठ पुरला होता.

पाझरणारा माठ घरात एकच, पिण्याचा, यंदाचा. मी आईकडे पाहिलं. तिने तो उचलून माझ्या हातात दिला.

"अन् आपुन काय प्यावं?" बाबा म्हणाले.

"स्टीलच्या टाकीतलं," आई म्हणाली. "झाड वाळेपर्यंत तुमाले दम होता ना, आता हिरवं होयेपर्यंत धरा."

तेव्हापासून आम्ही कोमट पाणी पितोय. बाबा प्रत्येक घोटाला लिंबाकडे बघतात... आज त्यांनाच आधी दिसलं. दोन कोवळी पानं.

"फुटलं व तुमचं लिंबू," म्हणाले, आणि गाडी काढून शेलूबाजारला नवा माठ आणायला गेले. शेडचं मी विचारलं नाही.

पाणी नुसतं साठून राहिलं की ते वाचलं, असं मला वाटत होतं... ते कुणाच्या तरी मुळाशी पोचावं लागतं. आणि त्यासाठी भर मे महिन्यात कोमट पाणी पिणारी दोन माणसं माझ्या घरात आहेत, याचं आज फार बरं वाटतंय.