दोराचं दुसरं टोक

भर मे महिन्यात स्वेटर घेऊन रिठद गावाहून निघणारी बाई मी एकटीच असेन. शेजारणी हसल्या. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण मी पोरीला परत आणायला निघाले होते. ती हिमाचलात, मनालीच्याही पलीकडच्या डोंगरांत, लोकांना कडे चढायला शिकवते. मागच्या वर्षी ती पडली, मनगट मोडलं, आणि हे आम्हाला कळलं ते प्लास्टर निघाल्यावर. तेव्हापासून तिचं नाव निघालं की तिच्या बाबांचं जेवण अर्धं राहतं. माझं उलट आहे. मी चिडते आणि दोन घास जास्त जेवते.

तिच्या खोलीवर पोचल्यावर कुरडया, पापड डब्यांत भरून दिले आणि एक-दोन दिवस शहाण्यासारखी गोड बोलले. मग तिला सुट्टी मिळाली, तेव्हा दोर-पट्ट्यांची पिशवी खांद्याला लावून ती मला गावाच्या वरच्या बाजूच्या एका खडकापाशी घेऊन गेली. ऊन लख्ख, पण हवा अशी विरळ की चार पावलं टाकली की मला दम लागायचा. वरच्या डोंगरांवर उन्हाळ्यातही बर्फ होता. खडक आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीएवढा उंच. तिच्या मते तो लेकरांचा खडक होता.

बसल्या बसल्या मी विषय काढलाच.

"बस झालं आता. घरी चाल. रिसोडले काय नोकऱ्या नाहीत?"

"आई, तुले नाही कळत यातलं."

"काय कळाचं त्यात? दगड हाय. चढाचं अन् उतराचं."

"मंग चढून पाह्य."

तिला वाटलं मी गप्प बसेन. इतकी वर्षं माझ्या हाताखाली वाढून तिनं मला एवढंच ओळखलं होतं. "आन तो दोर," मी म्हटलं.

ती मागच्या वाटेनं खडकाच्या माथ्यावर गेली आणि तिथल्या कडीतून दोर ओवून आली. एक टोक माझ्या पंजाबी ड्रेसवर आवळलेल्या पट्ट्याला बांधलं, दुसरीकडचा दोर स्वतःच्या पट्ट्यात अडकवून मुठीत धरला. माझी गाठ तिनं तपासली, पुन्हा तपासली, आणि परत एकदा ओढून पाहिली. मला दाखवायला करते आहे, असं मला वाटलं.

सुरुवातीला जमलं. राग असला की पाय आपोआप चालतात. दगड उन्हानं कोमट झाला होता, चिरेत बोटं नीट बसली की बरं वाटायचं. खालून तिचं चालू होतं, "डावा पाय वर. अजून. शाब्बास आई!" पाढे पाठ झाले की हा शाब्बास मी तिला द्यायचे. मला मनातून गंमत वाटली, आणि मी खाली पाहिलं.

तिथंच सगळं संपलं. वर जाता येईना, खाली येता येईना. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं मनाला बजावलं. मन काही ऐकेना.

"आई, मांगं रेल अन् दोन्ही हात सोड. मी उतरवते तुले."

"येडी झाली का? हात सोडून कोनी उतरते का?"

"दोरावर बस. मी धरून राह्यली ना."

तिच्या जन्मापासून धरायचं काम माझं होतं. तिला चालायला शिकवताना, सायकल शिकवताना, तापात. तिनं मला धरायचं, ही गोष्ट कधी माझ्या डोक्यातच आली नव्हती. तसंच खडकाला चिकटून किती वेळ गेला कोण जाणे. मग मी डोळे मिटले आणि हात सोडले.

पडले नाही. दोर ताणला गेला, आणि डोक्यावरची भरली कळशी उतरवावी तशी तिनं मला हळूहळू खाली आणलं. पाय जमिनीला लागले. तिला चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं आणि पाहते तर पोरगी रडत होती. दोर अजून मुठीत घट्ट.

"काय झालं वं?"

"रोज किती जनाइले उतरवते, कधी भेव नाही लागत. आज लागलं."

"कायले?"

"वर तू होती ना."

मी मटकन तिच्याजवळ बसले. हेच तर तिला सांगायला मी एवढ्या लांबून आले होते. तिच्या मुठी सोडवल्या. तळव्यांना घट्टे पडले होते, तिच्या बाबांच्या हाताला असतात तसे. मला तिची फार माया आली, आणि अभिमानही वाटला, तो मी लपवला नाही.

डोळे पुसत ती म्हणाली, "आता घरी चाल म्हनशीन."

"नाही म्हनत. पन मोडलं तर मोडलं म्हनून सांगत जाय. अन् रोज खाली उतरली की फोन करजो."

"रोज?"

"रोज."

दोराची वेटोळी घालता घालता ती म्हणाली, "तू बी रोज करजो मंग. शाळेतून घरी पोचली म्हनून."

इतकी वर्षं मी रिसोडच्या शाळेत शिकवते, पण तिथून घरी नीट पोचले का, हे आजवर कुणी मला विचारलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी जीप रिठदच्या फाट्यावर थांबली की पिशवी खाली ठेवते आणि आधी तिला फोन लावते.