डायनिंग टेबलवरची कवटी

गेल्या शनिवारी सकाळी आमच्या डायनिंग टेबलवर चक्क कवटी होती. प्लास्टिकची, हॅलोविनच्या खोक्यातली... पण कवटी ती कवटीच.

मिहिकाला, म्हणजे माझ्या हायस्कूलमधल्या लेकीला, आर्ट क्लासचा प्रोजेक्ट आहे. जुन्या डच चित्रांसारखं टेबल मांडायचं आणि बघून रंगवायचं. कवटीशेजारी माना टाकलेले ट्युलिप्स, विझवलेली मेणबत्ती, बंद पडलेलं घड्याळ आणि अर्धवट सोललेलं लिंबू. चांगलं रसाळ लिंबू हो!

या सगळ्याचा अर्थ म्हणे एकच. फुलं सुकतात, मेणबत्ती संपते, घड्याळ थांबतं, तसे आपणही जाणार. लिंबू दिसायला सुंदर, पण चवीला आंबट. तिकडचे श्रीमंत लोक अशी चित्रं घरात टांगायचे... काय एकेकाची हौस!

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण माझे बाबा नागपूरहून आलेत. उन्हाळ्यात आई गेली, त्यानंतर पहिल्यांदाच इथे डब्लिनला, ओहायोत.

आल्यापासून त्यांनी आईचं नाव काढलेलं नाही, आणि घाबरून आम्हीही नाही. थंडी, क्रिकेट, इंडियन स्टोअरमधली शिळी कोथिंबीर... सगळं बोलतो, तेवढं सोडून. हा माणूस असाच आतल्या आत मिटत जाणार, याची मला भयंकर धास्ती होती.

त्यात समोर कवटी? बाबा वॉकला गेलेत हे बघून मी सगळा पसारा भराभर ट्रेमध्ये भरला आणि गराजकडे निघाले. मिहिका "मॉम, दॅट्स माय ग्रेड!" करत मागे. आणि दारातच बाबा!

"काय चाललंय?" मी ट्रे पाठीमागे लपवायला बघितला. मिहिकानं मात्र कवटीपासून लिंबापर्यंत सगळा अर्थ सांगून टाकला, निम्मा इंग्लिशमध्ये. मी डोळे वटारून दमले... ती बघेल तर शपथ.

"ठेव ते परत टेबलवर," एवढंच म्हणून बाबा खोलीत गेले. मला वाटलं, झालं... आता जेवायलाही बाहेर येणार नाहीत.

थोड्या वेळानं आले ते आईचा गोळ्यांचा डबा घेऊन. सात वारांचे सात कप्पे असलेला, मीच इथून पाठवलेला. रविवारपासून बुधवारपर्यंतचे कप्पे रिकामे... गुरुवार, शुक्रवार, शनिवार तसेच भरलेले. आई गुरुवारी पहाटे गेली.

हा डबा ते एवढ्या लांब बॅगेतून घेऊन आले होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

"हेही ठेव तुझ्या चित्रात. चालेल ना?" ते मिहिकाला म्हणाले. "आजोबा, इट्स परफेक्ट," म्हणत तिनं लिंबू सरकवून जागा केली.

ती चित्र काढत राहिली आणि बाबा शेजारी बसून बोलत राहिले. कुठल्या गोळीला आई नावं ठेवायची, कुठली त्यांनी शिऱ्यात दडवून दिली आणि तिनं कशी बरोबर पकडली... मी ओट्याशी उभी राहून हसले, रडले. बाबांच्या समोरच.

चित्र अजून व्हायचंय, त्यामुळे कवटी हलवता येत नाही. आम्ही तिच्या शेजारीच ताटं मांडतो आणि जेवताना रोज आईचा विषय निघतो. थँक यू गं मिहिका... मी तर सगळं उचलून गराजमध्ये ठेवायला निघाले होते.