गुऱ्हाळाचा धूर आणि माझा कापूस

काडीला गुंडाळलेला कापूस दुसऱ्यांदा फिरवला, तर तो राखाडी निघाला. पहिल्यांदा तपकिरी निघाला होता. तो व्हार्निशचा रंग. व्हार्निश म्हणजे चित्रावर शेवटी देतात तो पारदर्शक थर. जुना झाला की पिवळा पडतो. तो उतरवणं हे माझं काम. साताऱ्यात मी जुनी चित्रं दुरुस्त करते.

हे चित्र आष्ट्याच्या एका निवृत्त सुभेदारांचं. सकाळचं ऊन, ऊसमळा. त्यांचे वडील ड्रॉइंग मास्तर, त्यांनी काढलेलं. बाकीची चित्रं वाळवीने खाल्ली. "वडलांचं एवढंच ऱ्हायलंय, मॅडम," असं सांगून ते ठेवून गेले होते.

शैली इम्प्रेशनिस्ट. म्हणजे उसाचं पान न पान रेखायचं नाही, त्या घटकेचा उजेड आणि हवा पकडायची. रंगाचे सुटे फटकारे लांबून बघितले की जुळून येतात. हे सगळं मला पाठ, आणि तरी शहाणी मी तीन दिवस भिंग लावून बसले होते.

उसाच्या शेंड्यांवर एक आडवा, मळकट पट्टा होता. चित्र कित्येक वर्षं स्वयंपाकघरात टांगलेलं. मी निकाल देऊन मोकळी झाले: चुलीची काजळी. सुभेदारांना फोन लावला.

"काजळी फार आहे. आज सगळी काढते."

"कुठं हाय काजळी?"

"उसाच्या शेंड्यांवर. आडवी."

"हात लावू नका. मी निघालोच."

दुपारी आले ते थेट चित्रासमोर.

"आवं, ह्यो आमच्या गुऱ्हाळाचा धूर हाय. रसाची काहील चुलाणावर चढली की सुटतो. थंडीत सकाळचा वर जात न्हाई, उसावरच पसरतो. तुमी लय जवळनं बघताय. मागं सरा."

मी दिवा बंद केला, खिडकी उघडली, दारापर्यंत मागे गेले. मळकट पट्टा निळसर दिसू लागला, त्यातून ऊन झिरपत होतं. मास्तरांची ती सकाळ मी आज पुसूनच टाकणार होते.

"किती गेला?" त्यांनी विचारलं.

वाचवलं ते सवयीने. पहिली चाचणी नेहमी फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कडेवर घ्यायची. कापसावर आलेला राखाडी रंग त्या धुराचाच, पण गेला होता नखाएवढा. त्यांनी वाकून बघितलं.

"एवढंच व्हय? मग चहा सांगा."

मी चहा सांगितला.

पुढे सौम्य द्रावण घेऊन फक्त व्हार्निश उतरवलं. चित्र न्यायला आले तेव्हा सुभेदार दारातच थांबले. तिथूनच बघून म्हणाले, "काहील चढलीया."

हल्ली कापूस उचलायच्या आधी मी मालकाला विचारते, तुमच्याकडे सकाळी काय दिसतं?