नामदेवचं भेव

नामदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरगाव मेघेला लेकीच्या दारात गाडी धूत होतो. फोनवर त्याची बायको, शांतावहिनी. "भाऊजी, तुमचे दोस्त आज उठलेच नाई," एवढंच बोलल्या. पाण्याचा पाईप हातात तसाच राहिला, सगळं अंगण ओलं झालं... लेक म्हणाली, जावयाले चालवू द्या गाडी. मी ऐकलं नाही. आजवर कोणाच्या बाजूला बसून गेलो नाही, तेव्हाही गेलो नाही. पण हिंगणघाटपर्यंत दर वेळी ब्रेकवर पाय ठेवताना एकच मनात येत होतं, की हा ब्रेक पाहणारा माणूस आता नाही.

विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी जो उठला तो म्हणाला, नामदेव मिस्त्री मोठा धीट माणूस होता. मी तिथे बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. माझी शाळा चौथीत सुटली, पण मेलेल्या दोस्ताबद्दल खोटं मला खपत नाही. नामदेव भित्रा होता. ब्रेकला तर असा भ्यायचा की दुरुस्त केलेली गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय मालकाला देतच नव्हता. मी त्याला हसायचो. "मिस्त्री हायेस का म्हातारी?" म्हणायचो. तो म्हणे, "इंजन बंद पडलं तर माणूस रस्त्यावर उभा राह्यते, गड्या. ब्रेक नाई लागला तर..."

हायवेच्या कडेला त्याचं टिनाचं शेड होतं. कामाच्या टेबलावर जुन्या भोंग्यातला एक जाडजूड चुंबक पडलेला असायचा. नटबोल्ट हरवू नयेत म्हणून उघडलेलं सगळं सामान तो त्या चुंबकाला चिकटवून ठेवी. आमच्याकडचे बरेच मिस्त्री असंच करतात.

माझी गाडी बिघडली ती कापसाच्या दिवसांत. उजव्या चाकाचा बेअरिंग आवाज करत होता, तो नामदेवनं नवीन घातला. त्यानंतर काही दिवसांनी समोर एबीएसचा पिवळा दिवा लागला. मी म्हटलं, लागू दे, गाडी तर चालते. मग एकदा बायकोला दवाखान्यातून आणत होतो. पुढे कापसाची ट्रॉली हळू झाली, मी ब्रेक दाबला, तर पायाखाली पेडल खडखड करायला लागलं आणि गाडी थांबेचना. ट्रॉलीचा कापूस काचेला टेकला तेव्हा थांबली. बायको नुसती माझी बाही धरून बसली.

नामदेवनं मला समजावलं ते असं. दर चाकापाशी बोंडाएवढा सेन्सर असतो, चाक किती जोरात फिरतं ते तो सांगतो. ब्रेक मारल्यावर एखादं चाक जाम होऊ लागलं की गाडी आपणच त्याचा ब्रेक सोडते, पुन्हा धरते; तेच एबीएस. पण सेन्सर चुकीचं सांगायला लागला, तर गाडी फिरत्या चाकाला जाम समजून ब्रेक सोडून देते. त्यानं यंत्र लावलं, यंत्रानं उजवं चाक दाखवलं. तार पाहिली, चांगली. सेन्सर पुसला, मग नवा घातला. दिवा तसाच. शेवटी चाक उचललं. मी हातानं फिरवत होतो आणि तो यंत्राकडे पाहत होता. चाकाचा वेग दिसे आणि दर फेऱ्यात एकाच जागी शून्य होई.

नामदेवनं चाक पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. मग त्याची नजर टेबलावर गेली. नव्या बेअरिंगच्या कडेला चुंबकाची पट्टी असते, तिच्यावरूनच सेन्सर वेग मोजतो. आणि बेअरिंग घालायच्या आधी त्यानं तो नेहमीसारखा भोंग्याच्या चुंबकावर ठेवला होता. पट्टी तिथेच नासली होती.

"आता समजलं ना, मंग बदलून टाक," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तुही गाडी तर इथं हाये," तो म्हणाला. "अल्लीपूरच्या विनोदची नाई. शाळेच्या पोरायची व्हॅन. तिच्यातबी म्याच घातला."

विनोदला फोन लावला. लागत होता, उचलत नव्हता. म्हणजे गाडीवर होता. नामदेवनं माझ्या गाडीचा एबीएसचा फ्यूज काढला, म्हणजे जुन्या गाडीसारखे साधे ब्रेक लागतात, आणि आम्ही निघालो. शाळा सुटायची वेळ होती. अल्लीपूरच्या वळणावर उभे राहिलो. तेवढ्यात शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला आणि पलीकडून व्हॅन येताना दिसली... नामदेवनं माझा दंड असा धरला की बोटं आत रुतली. व्हॅन हळू झाली, पण थांबेना, सरकतच राहिली. शेळ्या बाजूला पळाल्या म्हणून निभावलं. मग थांबली. खिडक्यांतून पोरं आमच्याकडे पाहून हसत होती.

"मिस्त्री, तुम्ही इकडं काऊन?" विनोद म्हणाला.

"दिवा लागते का?"

"कवाचाच. ब्रेक मारला का पायाले गुदगुल्याबी करते. पोट्टे सारखे इचारत होते, काका हे काय हाये, म्हणून म्या टेप चिटकवली वरून."

मला वाटलं आता नामदेव याला मारतो. पण नामदेव रस्त्याच्या कडेला खालीच बसला. उठला तेव्हा म्हणाला, "चावी दे." व्हॅनचाही फ्यूज काढला, दिव्यावरची टेप खरवडली आणि एकेका पोराला दारापर्यंत सोडत स्वतः व्हॅन चालवत गेला, बैलगाडीच्या चालीनं. मी मागून. पुढचे काही दिवस आम्ही गावोगाव फिरलो, ज्याच्या ज्याच्या गाडीत त्यानं तसा बेअरिंग घातला होता त्या सगळ्यांकडे, आणि माझ्यासकट सगळ्यांचे बेअरिंग त्यानं बदलून दिले. माणसं हसत होती. तो हसला नाही.

चुंबक त्यानं शेडच्या बाहेर, फाटकाच्या खांबाला तारेनं बांधला. वहिनींनी परवा शेडमधलं सामान काढलं, पण चुंबकाला कोणी हात लावला नाही. तो तिथेच आहे, गंज धरून.

मी कोणाला भ्यालो नाही कधी, आणि आता या वयात शिकायचं नव्हतं. पण बायकोच्या दवाखान्याच्या दिवशी चावी फिरवतो, पिवळा दिवा लागतो, आणि तो विझेपर्यंत मी श्वास धरून बसतो. विझला तर गाडी चांगली, हे नामदेवचं सांगणं. विझायला जरासाच वेळ लागतो. तेवढ्यात ती ट्रॉली दिसते, शेळ्या दिसतात, पोरांची हसरी तोंडं दिसतात... आणि दंडावर बोटं रुततात. नाही विझला तर कोणाकडे जाऊ, ते मला माहीत नाही.

"विझला का?" बायको विचारते.

"विझला," मी म्हणतो, आणि मगच गिअर टाकतो.