एकाच फाइलीत गुंतलेलं

लातूरच्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथं शाळा-कॉलेजांच्या वेबसाइट बनतात. एका कॉलेजच्या प्रवेशाचं पान माझ्या गळ्यात होतं. ते दिसावं कसं आणि कोणत्या विद्यार्थ्याला काय दाखवायचं, हे सगळं आधीच्या माणसानं एकाच फाइलीत कालवून ठेवलेलं. रंगाच्या ओळीला चिकटून अट, अटीच्या पोटात तक्ता. त्यात हात घालायला माझ्याशिवाय कुणी धजत नसे. म्हणून मला रजाही मिळत नसे.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला ठरलं, तेव्हा भांडून रजा काढली. "बाहेर आलीस की दारातच असते," असं तिला सांगितलं. तिला आत नेलं आणि फोन वाजला. आमच्याकडं डिझाइन करणारी अहमदपूरची मुलगी रडकुंडीला आली होती.

"ताई, मी फक्त मथळ्याचा रंग बदलला वो. पानच पांढरं पडलं!"

रंगासोबत तिनं एक कंस पुसला होता. जिन्यात उभं राहून मी तिच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. पान दिसू लागलं तोवर आई नर्सचा हात धरून बाहेर आली होती. डोळ्यावर पट्टी बांधलेली, तशीच म्हणाली, "तू न्हाईस तर तिथं कुणी श्वासबी घेत न्हाई का गं?"

परतल्यावर मी मालकांना म्हणाले, "सर, दिसणं एका फाइलीत आणि अटी दुसऱ्या फाइलीत करू."

"चालू हाय ना? मग कशाला हात लावता?"

पुन्हा विचारलं नाही. रोज जमेल तशा अटी उचलून वेगळ्या ठेवत गेले. पानात फक्त जागा सोडल्या, त्या अटींचं तयार उत्तर येऊन बसेल अशा. एके दुपारी त्या मुलीनं अख्खं पान बदललं आणि मग हाक मारली.

"ताई, तुम्हाला विचारलंच न्हाई बघा!"

मला इतकं हलकं वाटलं, की सगळ्यांना चहा मीच पाजला.

मालकही खूश झाले. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला लई भारी जमायलंय." आणि तशाच गुंतलेल्या बाकीच्या जुन्या वेबसाइट माझ्याच अंगावर टाकल्या. "तुमच्याबिगर कुणाला कळणार?"

पहिली फाइल उघडली. खाली सरकवत राहिले, तळच लागेना. अहमदपूरच्या मुलीनं खुर्ची ओढून शेजारी घेतली.

"मलाबी शिकवा."

मी तिला एक अट दाखवली. ती मान हलवत होती, पटापट समजत होती, आणि मला वाटत राहिलं, आता हीसुद्धा अडकली.