पुलापर्यंतचं रडणं

आमच्या घरात प्रवासाच्या रडण्याला हद्द ठरलेली होती. मी कॉलेजसाठी पुण्याला निघालो तेव्हा आई-बाबा दोघंही मला पार पुण्यापर्यंत सोडायला निघाले होते आणि आईने वर्ध्याच्या फलाटावरच सुरुवात केली. सेवाग्रामच्या दवाखान्यात अख्खी नोकरी काढलेल्या बाबांना रडणाऱ्या माणसांची सवय होती. ते शांतपणे म्हणाले, "पुलापर्यंत रडून घे. मंग डबा उघडजो."

पूल म्हणजे पुलगाव सुटल्यावर लागणारा वर्धा नदीचा. तो ओलांडला की आपला जिल्हा संपला. आईने खरोखरच पुलावर डोळे पुसले आणि पोळ्या, आलूची सुकी भाजी, जवसाची चटणी काढली. समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईलाही आग्रह करकरून वाढलं.

तेव्हापासून हा कायदाच झाला. पुढे सुट्ट्या संपवून एकटा परतताना मीही खिडकीकडे तोंड करून पुलापर्यंतच रडायचो. मग रात्रभर गाडी धावायची, आणि सकाळी पुणं येईस्तोवर मन आपोआप तिकडचं झालेलं असायचं. किती सोयीची होती ती लांबलचक रात्र! त्या गाडीला तेव्हा मी शिव्या घालायचो.

मागच्या वर्षी बाबा गेले. वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी मेघेच्या घरात आई एकटी उरली. तिने कायमचं माझ्याकडे पुण्याला यावं म्हणून मी हटून बसलो. ती काही बधेना. शेवटी मी विमानाचा विषय काढला. "अगं, नागपूर ते पुणे दीड तास. वर्धा आता शेजारी आलंय. वाटलं की जाऊन येशील."

विमानतळापर्यंतच्या मोटारीत आई रडली नाही, कारण परका ड्रायव्हर आरशातून सारखा मागे बघत होता. आत गेल्यावर सामान तपासणीची धांदल. विमानात बसल्यावर तिने विचारलं, "पूल कोणत्या बाजूनं दिसन?"

"इतक्या उंचावरून नाही दिसत, आई."

खाली नुसते ढग होते. तिने डबा मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. मी दोनदा म्हटलं, खाऊन घे. तिने नकारार्थी मान हलवली. ढग सरले, तर खाली पुणं होतं.

डबा घरी आल्यावर उघडला आणि आईचं रडणंही तेव्हाच सुरू झालं. ते थांबेचना. भाजी निवडताना, देवापुढे दिवा लावताना, मधेच तिचे डोळे भरायचे. मला वाईट वाटायचं आणि, खरं सांगतो, थोडा रागही यायचा. एवढं सगळं करतोय, तरी हिचं आपलं तेच!

एका रविवारी चहा देताना ती म्हणाली, "मले घरी नेऊन दे बापा."

"तिथे एकटी कशी राहशील? मला इथे घोर लागेल."

"वर्धा शेजारी हाय म्हणे न तू?"

"हो, आहेच."

"मंग तूच येत जाय न. शेजारी जायाले काय लागते?"

सुट्टी, मीटिंगा, तिकिटांचे भाव, सगळं माझ्या ओठांवर आलं. ते तसंच गिळून मी फोन हातात घेतला. तिला विमानात एकटीला बसवणं शक्य नव्हतं, म्हणून मी जायची दोन तिकिटं काढली. परतीचं एकच काढलं, आणि फोन बाजूला ठेवून लहान पोरासारखा रडलो.