धूमकेतूंची दुरुस्ती

छापखान्यातल्या खळवाल्या काकांचा शास्त्रावरचा विश्वास उडाला तो शास्त्राच्याच पुस्तकांमुळे. एकतीस वर्षं ते बांधणीखात्यात बसून शाळेची पुस्तकं शिवत आणि चिकटवत आले. पुस्तक छापून झालं की कुठल्यातरी विद्वानाला चूक सापडायची, मग दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यायच्या, आणि त्या हजारो प्रतींत एकेक करून लावायच्या काकांनी. चुका करायच्या विद्वानांनी, निस्तरायच्या यांनी. अशानं माणूस थकेल नाहीतर काय!

या वेळची चिठ्ठी धूमकेतूंची होती. पुस्तकात लिहिलं होतं, सगळे धूमकेतू सूर्यमालेच्या अगदी कडेच्या बर्फाळ ढगातून येतात. चिठ्ठी म्हणत होती, सगळे नव्हेत. काही नेपच्यूनपलीकडच्या पट्ट्यातूनही येतात, असे मानले जाते.

"मानले जाते!" खळीत ब्रश बुडवत काका म्हणाले. "जाऊन कोण आलंय तिथं? आज ढग, उद्या पट्टा. उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

शेजारचे हसले. काकांच्या मनात मात्र धूमकेतू नव्हतेच. घरी काकू चार महिने पोटदुखीनं बेजार होत्या. डॉक्टर आधी पित्त म्हणाले, गोळ्या दिल्या. मग तपासण्या करून म्हणाले, आतड्यात गाठ आहे, लवकर काढायला हवी. काकांनी त्यांना तोंडावर सुनावलं होतं, "आधी तुमचं एक काय ते ठरवा, मग बोलवा." त्याला तीन आठवडे झाले. काकूंचे कपडे आता अंगावर लोंबत होते.

दुपारी मुद्रितं तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी एक प्रत उघडली, मग दुसरी.

"काका, चिठ्ठ्या उलट्या लागल्यात."

सत्तर प्रती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. काका ओलं फडकं घेऊन चिठ्ठ्या सोडवायला बसले, पण पहिलीच चिठ्ठी फाटली. बाईंनी स्टूल ओढून विचारलं, तेव्हा त्यांनी घरचं सगळं सांगून टाकलं आणि वर तणतणले, "तुमचं शास्त्र सारखं शब्द फिरवतं!"

"आधी न दिसलेलं नंतर दिसलं, तर काय गप्प बसायचं, काका?" बाईंनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "हे मी बघते. तुम्ही घरी जा."

काकांना ते पटलं असं नाही. भांडायचं त्राण नव्हतं, एवढंच.

घरी काकू पलंगावर बसल्या होत्या. पुढ्यात डॉक्टरांनी तेव्हाच दिलेला शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद होता. त्यांची सही झाली होती; नातेवाइकाच्या सहीची जागा कोरी होती.

"पहिलं चुकलं तसं हेही चुकेल त्यांचं," काका दारातूनच म्हणाले.

"चुकलं तर सोन्याहून पिवळं. पण दुखतंय ते माझं पोट."

काका खुर्ची ओढून पलंगाशी बसले.

"चुकूच दे गं त्यांचं," ते म्हणाले. "म्हणून तर भांडत बसलोय. खरं निघालं तर मी काय करू?"

"ते का मला ठाऊक नाही?" काकूंनी पेन पुढे केलं. "घाबरायचंच असेल ना, तर तिथं दवाखान्यात माझ्या शेजारी बसून घाबरा. आधी सही करा."